मुरुमांची गोळी सुरू असताना लेझर: एका त्वचा-चिकित्सालयाच्या सेवेचे परीक्षण

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल सुरू असताना चेहऱ्यावर लेझर करून घ्यावे का, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे मिळतात. एक तर "आधी गोळी बंद करा आणि सहा महिन्यांनी या", नाही तर "काही होत नाही, आजच करून टाकू". हनुवटीवरील आणि जबड्याच्या कडेचे केस कमी करण्यासाठी मी सध्या ज्या त्वचा-चिकित्सालयात जाते, तेथे या दोहोंपेक्षा वेगळे उत्तर मिळाले आणि ते का दिले जात आहे हेही सांगितले गेले. केंद्राचे नाव येथे देत नाही. वाचकाच्या उपयोगाची आहे ती त्यांची पद्धत, आणि ती कोणत्याही केंद्रात जाऊन पडताळून पाहता येईल.

सेवेचे मोल कळण्यासाठी त्या सहा महिन्यांच्या नियमाचे मूळ आधी पाहावे लागेल. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ साली तीव्र, गाठी होणाऱ्या मुरुमांसाठी मान्यता दिली. हे औषध त्वचेतील तैलग्रंथी आकसवते. खोल जखम भरताना नवी त्वचा केसांच्या मुळांतून आणि या ग्रंथींच्या आसपासच्या पेशींतून वर येत असल्यामुळे, ग्रंथी आकसलेल्या असताना जखम नीट भरणार नाही ही शंका रास्त होती. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर तसे अहवालही आले. १९८६ मध्ये डर्माब्रेजन, म्हणजे फिरत्या यंत्राने त्वचा खरवडण्याची क्रिया, केल्यानंतर उद्भवलेल्या केलॉइड, म्हणजे जखमेबाहेरही वाढत जाणाऱ्या जाड, उंचावलेल्या व्रणांची, तर १९८८ मध्ये डर्माब्रेजन किंवा आर्गॉन लेझरनंतर रेंगाळलेल्या जखमांची नोंद झाली. रुग्ण मोजकेच होते, पण चेहऱ्यावर कायमचा जाड व्रण राहणे ही लहान गोष्ट नसल्याने, औषध घेत असताना आणि ते थांबवल्यावर सहा महिने अशा क्रिया टाळाव्यात असा दंडक रूढ झाला. पुढे लेझरचे प्रकार वाढत गेले. दंडक मात्र सगळ्यांना सरसकट लागू राहिला. ज्या लेझरचा त्या मूळ अहवालांशी काहीही संबंध नव्हता, त्यांनाही.

या चिकित्सालयात आल्यावर मला पहिल्यांदा पटले ते हे, की तेथील डॉक्टर "लेझर" हा शब्द एकट्याने वापरतच नाहीत. कोणते लेझर, कशासाठी आणि त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत, हे ठरल्याशिवाय गोळीबद्दल बोलण्यात अर्थ नाही असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे. केस कमी करणारे लेझर केसातील मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगद्रव्याला, तापवते. त्वचेचा वरचा थर त्यात फुटावा अशी अपेक्षाच नसते. अशा लेझरपैकी अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर, डायोड साधारण ८०० ते ८१० वर आणि एनडी-याग १०६४ वर काम करते. याउलट ज्यांना पूर्ण अब्लेटिव्ह म्हणतात, ती १०,६०० नॅनोमीटरची कार्बन डायऑक्साइड आणि २,९४० नॅनोमीटरची एर्बियम-याग लेझर त्वचेतील पाण्याला लक्ष्य करून अख्खा वरचा थर उडवून टाकतात, म्हणजे मुद्दामच जखम करतात. जखम भरण्याविषयीची शंका दुसऱ्या प्रकाराला जशीच्या तशी लागू होते. पहिल्या प्रकारात सगळे ठीक झाले तर भरून यायला जखमच नसते.

हा नुसता एका डॉक्टरांचा तर्क नाही. २०१७ साली 'जामा डर्मॅटॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात ३२ प्रकाशने आणि त्यांतील १,४८५ प्रक्रिया तपासल्या गेल्या. आयसोट्रेटिनॉइन सुरू असताना किंवा नुकतेच थांबवलेले असताना केस कमी करण्याचे लेझर, वरवरचे केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा पापुद्रा काढणे) आणि फ्रॅक्शनल लेझर (त्वचेत फक्त सूक्ष्म ठिपक्यांवर मारा करणारे) पुढे ढकलण्यास पुरेसा आधार सापडत नाही, मात्र यंत्राने केलेले डर्माब्रेजन आणि पूर्ण अब्लेटिव्ह लेझर टाळावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी अमेरिकन सोसायटी फॉर डर्मॅटॉलॉजिक सर्जरीच्या शिफारशी आणि असोसिएशन ऑफ क्युटेनियस सर्जन्स ऑफ इंडियाची मार्गदर्शक तत्त्वेही आली; त्यांचाही रोख जवळपास हाच आहे. एक बारकावा मात्र विसरू नये. "पुढे ढकलण्यास पुरेसा आधार नाही" आणि "धोका मुळीच नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत. डॉक्टरांनी हा फरक मी न विचारता सांगितला, आणि माझ्या मते या सेवेची खरी गुणवत्ता तेथे आहे.

आता तपासणीविषयी. येथे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथे समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर संमतीपत्र ठेवले, त्यात "मी सध्या कोणतेही औषध घेत नाही" हे वाक्य आधीच छापलेले होते आणि शेजारच्या चौकोनात बरोबरची खूणही छापलेलीच होती. मी कॅप्सूल घेते असे सांगितल्यावर "ते फक्त फॉर्मपुरते आहे, मॅडम" असे उत्तर मिळाले. डॉक्टर कधी भेटतील हे त्यांना सांगता आले नाही. पॅकेजमध्ये किती सिटिंग आहेत हे मात्र पाठ होते. असे संमतीपत्र रुग्णाला काही समजावण्यासाठी नसते. पुढे काही बिघडलेच, तर "तुम्हीच लिहून दिले होते" असे म्हणता यावे, एवढाच त्याचा उपयोग. मी सही न करता परत आले.

सध्याच्या चिकित्सालयात औषधांचा रकाना कोरा असतो आणि तो डॉक्टर स्वतः भरतात. माझ्या बाबतीत कॅप्सूल किती मिलिग्रॅमची, रोज किती, केव्हापासून, मधे खंड पडला का, शेवटची रक्ततपासणी कधी झाली आणि त्यात यकृताचे व ट्रायग्लिसराइडचे आकडे काय होते, हे सर्व विचारले गेले. वजनही केले, कारण या औषधाची मात्रा सामान्यतः वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम अशी मोजतात, आणि मात्रा जितकी जास्त तितका त्वचेचा कोरडेपणा अधिक असण्याची शक्यता असते. मग डॉक्टरांनी भिंगातून ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि हनुवटी पाहिली. हनुवटीच्या डाव्या बाजूला त्वचेची बारीक सालपटे सुटत होती. त्या जागेभोवती त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने रेघ आखली आणि ती बरी होईपर्यंत एवढा भाग वगळायचा असे फाईलमध्ये लिहिले. पूर्वीच्या कापण्या-भाजण्याचे व्रण कसे बरे झाले हे पाहण्यासाठी त्यांनी माझ्या कोपराजवळील एक जुना वण मागून घेऊन पाहिला. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या माणसासाठी त्यांचा निर्णय वेगळा असतो, असे त्यांनी सांगितले.

केस का वाढले, हा प्रश्नही येथे टाळला गेला नाही. गालांवर व हनुवटीवर हट्टी मुरूम आणि त्याच भागात जाड केस हे एकत्र दिसले, तर मागे पीसीओएससारखे संप्रेरकांचे कारण असू शकते. तसे असेल तर लेझरने केस विरळ होतात, पण मूळ कारण कायम राहिल्याने नवे केस येत राहतात. "कायमचे जातील" असे आश्वासन न देता, कमी होतील आणि अधूनमधून पुन्हा करावे लागेल, असे स्पष्ट सांगण्यात आले. क्वचित चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या त्वचेत, लेझरनंतर आजूबाजूची लव जाड होऊ लागते, हेही त्यांनी बोलून दाखवले. विक्री करायला बसलेला माणूस हे वाक्य सहसा उच्चारत नाही.

मी त्याच भेटीत गालावरील खड्ड्यांसाठी कार्बन डायऑक्साइड लेझरने रिसर्फेसिंग करता येईल का, असेही विचारले होते. पूर्ण अब्लेटिव्ह पद्धतीला त्यांनी सरळ नकार दिला. फ्रॅक्शनल पद्धतीत त्वचेत अगदी सूक्ष्म स्तंभ जाळले जातात आणि मधली त्वचा अबाधित राहते, त्यामुळे तो पर्याय विचारात घेता येतो, पण नवे मुरूम उठणे थांबलेले नसताना खड्ड्यांवर काम करणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे आहे, असे त्यांचे मत पडले. कॅप्सूलचा कोर्स पूर्ण होऊ द्यावा, मग पाहू. नकाराबरोबर कारण मिळाले, की रुग्णाला पुढचे नियोजन करता येते. "मशीन आहे, करून टाकू" या वृत्तीच्या ठिकाणी हा नकार मला मिळाला नसता.

यंत्राच्या निवडीबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्यासारख्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेच्या लोकांना गोळीपेक्षाही यातला घोळ अधिक महागात पडतो. लेझर केसातील मेलॅनिन शोधते, आणि त्वचेतही मेलॅनिन असतेच. फिट्झपॅट्रिकच्या वर्गीकरणातील (त्वचेच्या रंगाचे व उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे सहा प्रकार) चौथ्या ते सहाव्या, म्हणजे सावळ्या-काळ्या, प्रकारच्या त्वचेत कमी तरंगलांबीचा किरण वरच्या थरातच जास्त शोषला जातो; भाजणे आणि मागाहून येणारे काळे डाग हे त्यातून होते. १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग खोल जाते आणि वरच्या थरातील मेलॅनिनला तुलनेने कमी तापवते, म्हणून माझ्यासाठी तेच निवडले. हे अधिक दुखते, आणि बारीक, भुरक्या केसांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. दोन्ही गोष्टी आधी सांगितल्या होत्या आणि दोन्ही अनुभवास आल्या. अनेक जाहिरातींत "वेदनारहित" हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. येथे तो भिंतीवर कोठेच नव्हता, हे मी आवर्जून पाहिले.

पहिल्याच दिवशी पूर्ण सिटिंग न करता कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला पॅच टेस्ट केली गेली. जेल, थंड हवेचा झोत, मोजके ठोके, बस. काही मिनिटांतच प्रत्येक केसाच्या मुळाशी लालसर, किंचित फुगीर ठिपका उठला. तो अपेक्षित परिणाम असतो आणि काही तासांत किंवा फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. फोड येणे, त्वचा पांढुरकी किंवा राखाडी पडणे, खपली धरणे हे मात्र अपेक्षित नसते, आणि असे काही दिसल्यास फोटो पाठवून लगेच कळवावे असे सांगितले. पुढची तारीख त्यांनी दोन दिवसांनंतरची न देता बरीच लांबची दिली, कारण सावळ्या त्वचेत काळपटपणा उशिरा उमटतो आणि गोळीमुळे त्वचा कशी वागेल हेही त्या अवधीत दिसते. घाई असणाऱ्याला हा खोळंबा वाटेल. मला ही सावधगिरी योग्य वाटली.

प्रत्यक्ष सिटिंगबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि ते चांगलेच लक्षण आहे. डोळ्यांवर धातूचे घट्ट बसणारे आवरण, खोलीतील इतरांच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचे चष्मे, दार आतून बंद, दारावर लाल दिवा. या गोळीने डोळे कोरडे पडत असल्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स काढून यायला आधीच सांगितले होते. प्रत्येक वेळी तरंगलांबी, ठिपक्याचा व्यास, ऊर्जा आणि स्पंदनाचा कालावधी कार्डावर लिहून त्याची एक प्रत मला देण्यात आली. या प्रतीचे महत्त्व गाव बदलल्यावर किंवा डॉक्टर बदलल्यावर कळते. ऊर्जा पहिल्या वेळी कमी ठेवून पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली. निकालाविषयी सांगायचे, तर हनुवटीखालचे जाड केस स्पष्टपणे विरळ झाले आहेत, जबड्याच्या कडेचे कमी प्रमाणात, आणि आजवर फोड किंवा डाग आलेला नाही. एका व्यक्तीच्या अनुभवावरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढू नये, हे वाचकाला सांगायला नकोच.

मुरुमांसाठी पोटात घ्यायचे औषध म्हणजे केवळ आयसोट्रेटिनॉइन नव्हे. माझ्यासोबत आलेली मावसबहीण डॉक्सिसायक्लिन घेत होती, आणि तिने केस कमी करण्याबद्दल विचारल्यावर डॉक्टरांनी तिला वेगळेच प्रश्न विचारले. डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. ही प्रतिक्रिया मुख्यत्वे अतिनील-ए किरणांना असते आणि केसांची लेझर त्या पट्ट्यात येत नाहीत, त्यामुळे खरी चिंता लेझरपेक्षा उन्हात होरपळलेल्या त्वचेवर लेझर मारण्याची असते. तिचे रोजचे काम उन्हात असल्याचे ऐकून त्यांनी तिला त्या वेळी नकार दिला. मिनोसायक्लिन दीर्घकाळ घेतलेल्यांत निळसर-राखाडी डाग पडू शकतात. ते आधीपासून असतील तर नोंदवून ठेवावे, नाही तर पुढे त्याचे खापर लेझरवर फुटते. संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत चेहऱ्यावर वांग येण्याची प्रवृत्ती असू शकते, तीही पाहिली जाते. पोटातील औषधांसोबत लावायच्या मलमांचीही यादी घेतली जाते, कारण ट्रेटिनॉइन किंवा अडापलीनचे मलम सिटिंगच्या काही दिवस आधीपासून थांबवायला सांगतात.

एका गोष्टीवर डॉक्टर फार ठाम होत्या आणि ती येथे नोंदवतेच. लेझरसाठी कॅप्सूल स्वतःहून बंद करू नये किंवा तिचे दिवस गाळू नयेत. हे औषध रक्तातून साधारण महिनाभरात निघून जाते, पण कोर्स अर्धवट सोडल्यास मुरूम उलटण्याची शक्यता वाढते आणि त्यांचे खड्डे हनुवटीच्या केसांपेक्षा कितीतरी अधिक काळ राहतात. गर्भावर गंभीर दुष्परिणाम करणारे हे औषध असल्यामुळे ते सुरू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते. त्याविषयीची विचारणाही येथे खासगीत, दार लावून, सभ्य भाषेत होते.

आता दोष. वेळ घेऊनही ताटकळत बसावे लागते, आणि प्रतीक्षागृहात त्या वेळात समोरच्या पडद्यावर फेशियल आणि पीलच्या सवलतींच्या जाहिराती फिरत राहतात. डॉक्टरांच्या खोलीत जी सावधगिरी आहे तिचा रिसेप्शनवर मागमूस नाही: पैसे भरताना मला दोनदा "सोबत मायक्रोडर्माब्रेजन घ्या, ग्लो येईल" असे सुचवले गेले, तेही फाईलवर ठळक अक्षरांत औषधाचे नाव लिहिलेले असताना. फोनवर विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असते आणि प्रत्येकीचे उत्तरही वेगळे. लालसरपणा किती वेळ राहील या साध्या प्रश्नाला मला "अर्धा तास" आणि "एक आठवडा" अशी दोन्ही उत्तरे मिळाली आहेत. त्यामुळे शंका असेल तर ती डॉक्टरांनाच विचारावी, आणि शक्यतो लिहून विचारावी.

सर्वांत खटकणारा दोष घरी न्यायच्या सूचनापत्रकात आहे. चेहऱ्याच्या सर्व उपचारांसाठी एकच पत्रक छापलेले आहे. त्यात सनस्क्रीन, थंड शेक, स्क्रब टाळणे या सूचना बरोबर आहेत, पण "एका आठवड्यानंतर वॅक्सिंग करण्यास हरकत नाही" अशीही एक ओळ आहे. केसांचे लेझर चालू असताना वॅक्सिंग केल्यास ज्या केसाला लक्ष्य करायचे तोच मुळातून उपटला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्याच्या नाजूक झालेल्या त्वचेवरून मेणाबरोबर वरचा थरही निघून येऊ शकतो. औषधाच्या माहितीपत्रकातच वॅक्सिंग टाळण्याचा इशारा असतो, आणि सहा महिन्यांचा तो जुना नियम या बाबतीतही अजून पाळण्यासारखा आहे. मी ही ओळ दाखवल्यावर डॉक्टरांनी माझ्या प्रतीवरून ती खोडली आणि शेजारी "फक्त रेझर किंवा कात्री" असे लिहिले. रिसेप्शनवरच्या गठ्ठ्यात मात्र गेल्या भेटीपर्यंत ते पत्रक तसेच होते. या केंद्राची शिफारस मी करते, पण तेथे जाणाऱ्याने पत्रक घरी नेण्याआधी त्यातील ती ओळ डॉक्टरांकडून खोडून घ्यावी.